वावळवाडीची डोली

मित्रांनो, डोली म्हटलं की तुम्हाला नवरी आठवत असेल. फुलांच्या माळा, लाल पडदा, पुढे वाजंत्री. मी तसली डोली नाही. माझ्यात आजवर एकही नवरी बसलेली नाही. माझ्यात ताप चढलेली माणसं झोपतात, साप चावलेली झोपतात, कळा सुरू झालेल्या बायका झोपतात. मी आजारी माणसांची डोली आहे आणि आता पुष्कळ जुनी झाले आहे.

नेरळच्या बाजारातून मान वर केलीत तर माथेरानचा डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या कमरेवर, झाडीत लपलेली एक वाडी आहे. वावळवाडी तिचं नाव. तीसेक घरं, सगळी ठाकर आदिवासींची. वाडीतून पायथ्याच्या गावात उतरायला एक पायवाट आहे. पावसाळ्यात तिचा ओढा होतो आणि उन्हाळ्यात तिच्यावरचे दगड पायाखालून निसटतात. रस्ता नाही. मधे जंगलाची जमीन लागते, त्यामुळे कागद अडला आहे, असं मी जन्मल्यापासून ऐकत आले आहे.

मला लडकूने बनवलं. तरुणपणी तो माथेरानला हातरिक्षा ओढायचा. लाल मातीच्या चढावर पाहुण्यांना ओढून ओढून त्याचे खांदे दगडासारखे झाले होते. एका पावसाळ्यात त्याच्या भावाला, शुक्राला, भाताच्या खाचरात साप चावला. वाडीतल्या माणसांनी बांबूला चादर बांधली आणि त्या झोळीतून शुक्राला खाली न्यायला निघाले. अर्ध्या वाटेवर चादर फाटली आणि शुक्रा दगडांवर आपटला. तो वाचला, पण त्याचं कंबरडं कायमचं गेलं. त्यानंतर लडकूने माथेरानची रिक्षा सोडली. जाड, सरळ, पिकलेला बांबू शोधून आणला. सागाच्या पट्ट्यांची चौकट ठोकली, तिच्यावर काथ्याची घट्ट वीण घातली आणि ती चौकट चार दोरांनी बांबूला टांगली. ती झाले मी. पुढे दोघे, मागे दोघे, आणि मधे मी, हलत हलत.

लडकूच्या पडवीच्या आढ्याला मला टांगून ठेवत. कोणी आजारी पडलं की पोरं धावत येऊन मला काढत. वाट जिथे संपते तिथे झाकीरचं घर आहे. त्याच्याकडे टेंपो होता. दिवसा तो नेरळच्या दुकानांचा माल वाहायचा आणि आमचा माणूस आला की माल खाली उतरवून आमच्या माणसाला कर्जतला न्यायचा. त्याची आई हवाबी तोवर सोबतच्या बायांना पाणी द्यायची, चहा करायची. मला त्यांच्या अंगणातल्या भिंतीला टेकवून ठेवत. माणूस परत येईपर्यंत मी तिथेच असे. चांगली परत आलेली माणसं स्वतःच्या पायांनी वर चढत आणि मी रिकामी खांद्यावरून जात असे. मला तो प्रवास फार आवडे. सगळेच तसे परत आले नाहीत.

दसऱ्याला लडकूची बायको गोदा माझ्या बांबूला झेंडूची माळ बांधायची. विळा, कोयता, कुदळ आणि मी, असे आम्ही ओळीने पूजेला बसायचो. ते माझे मानाचे दिवस होते.

आता मला तुम्हाला निवडणुकांबद्दल सांगायचं आहे. डोलीचा आणि निवडणुकीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं.

आमचा मतदारसंघ मोठा अजब आहे. त्याचा अर्धा भाग घाटाखाली आहे आणि अर्धा घाटावर. खाली आमचे कर्जत, खालापूर, डोंगरातल्या वाड्या, भाताची गावं, समुद्राकडची गावं. वर बोगदा ओलांडला की कारखान्यांची मोठमोठी शहरं. या सगळ्यांनी मिळून दिल्लीला एक माणूस पाठवायचा. तो पहिल्यांदा असा जोडला गेला तेव्हा कोणालाच अंदाज नव्हता की कुठली मतं कुठे जातील. म्हणून सगळेच सगळीकडे फिरत होते. तेव्हा एक उमेदवार खरंच आमच्या वाडीत चढून आला. घामाने भिजला होता बिचारा. पडवीत बसून दोन तांबे पाणी प्यायला. त्याने मला पाहिलं, मला खाली काढायला लावलं आणि माझ्या बांबूला खांदा लावून फोटो काढून घेतला.

"मावशी, पुढच्या वेळी मी गाडीतून येणार तुमच्याकडे," तो गोदाला म्हणाला.

गोदा लाजून हसली. वाडीने त्याला भरभरून मतं दिली. मीही त्या दिवशी खूश होते, मित्रांनो. डोलीला आणखी काय हवं असतं? तिची गरज संपावी, एवढंच.

रस्ता आला नाही. त्याच्या पुढच्या निवडणुकीला तोही आला नाही. पण त्या वर्षी माझं नाव झालं. वाडीतला मंगळ्या आजा थकला होता. त्याला मत द्यायचंच होतं. म्हणून पोरांनी त्याला माझ्यात बसवून पायथ्याच्या शाळेत नेलं. तिथे एक बातमीवाली बाई कॅमेरा घेऊन उभी होती. तिने मंगळ्या आजापुढे माइक धरला.

"आजोबा, एवढ्या लांबून डोलीतून आलात! कसं वाटतंय?"

"कंबर दुखते," आजा म्हणाला.

"पण लोकशाहीसाठी एवढे कष्ट..."

"रस्ता असता तं चालत आलो असतो ना बाय. गाडीनं आलो असतो."

संध्याकाळी झाकीरच्या घरी टीव्हीवर आम्ही दिसलो. मी दिसले, आजाचं शाई लावलेलं बोट दिसलं. मागे सनई वाजत होती. रस्त्याचं बोलणं कापलं होतं. लोकांनी खूप कौतुक केलं. एवढा म्हातारा माणूस डोलीत का बसला, हे मात्र कोणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षांत खालचा मुलूख बदलत गेला. मी दर वेळी उतरताना पाहत होते. नेरळपासून पोशीरकडे जाणाऱ्या रस्त्याला भाताची खाचरं होती. त्यांच्यात आधी खांब रोवले गेले, मग पाट्या लागल्या, मग इमारती उठल्या. सात मजली, दहा मजली. मुंबईत घर परवडत नाही अशी माणसं तिथे राहायला आली. कोणी कोकणातलं, कोणी उत्तरेकडचं, कोणी मद्रासकडचं, कोणी गोव्याचं. त्यांची मुलं नेरळच्या शाळांत जाऊ लागली. त्यांची नावं इथल्या मतदार यादीत चढली. एकेका इमारतीत आमच्या वाडीपेक्षा जास्त मतं झाली. ही माणसं वाईट नव्हती. त्यांचीही दुखणी होती. त्यांच्या नळाला पाणी यायचं नाही, बिल्डरने दिलेलं वचन पाळलं नव्हतं. पण उमेदवार आता त्यांच्याच अंगणात मंडप घालत आणि त्यांचीच दुखणी ऐकत. आमच्याकडे फक्त भोंग्याचा आवाज चढून यायचा.

असं का होतं, हे मला झाकीरने शिकवलं. म्हणजे मला नव्हे, रोहिदासला. रोहिदास हा लडकूचा आणि गोदाचा मुलगा. तो खालापूरच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. त्याची बायको ललिता पहिलटकरीण होती. तिला तपासणीला खाली आणलं तेव्हा दोघे मित्र झाकीरच्या अंगणात बोलत बसले होते. मी भिंतीला टेकून होते. वाड्यांकडे न येता उमेदवारांच्या गाड्या इमारतींकडे धुरळा उडवत चालल्या होत्या.

रोहिदास म्हणाला, "आमच्याकडं कुनी फिरकत बी नाय रं. आमी थोडं, म्हनून ना?"

झाकीर म्हणाला, "थोडं म्हनून नाय. आमी काय थोडं हाव? मोहल्ल्यात किती मतं हायेत! तरी आमच्याकडं कोन येतो? एक पार्टी म्हनते, ही मतं आपल्याला मिळायचीच नायत, मग कशाला जायचं? दुसरी म्हनते, ही जानार कुठं, आपल्यालाच देनार, मग कशाला जायचं? दोगांनी बी आमाला आदीच मोजून टाकलंय."

"मग त्या टावरवाल्यांकडं का जातात?"

"त्यांचं मन कुनाला कळत नाय. नवी मानसं, दर खेपेला नवी. ज्याचं कळत नाय त्याच्या दारात सगळे."

रोहिदासने धुरळ्यात जाणाऱ्या गाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग आमी बी आमचं कळू देनार नाय."

त्याच विचारातून बहिष्कार निघाला.

परवाच्या लोकसभेच्या आधी वाडीची बैठक आमच्या पडवीत भरली. रोहिदास उभा राहून बोलला. रस्ता नाही तर मत नाही. एकही माणूस खाली उतरणार नाही. शाळेतल्या यादीत आपली नावं तशीच कोरी राहिली की सरकारला दखल घ्यावीच लागेल. तरुण पोरांनी माना हलवल्या. गजा नावाचा त्याचा दोस्त तर टाळ्या वाजवू लागला.

गोदा चुलीपाशी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "मत नाय दिलं तं त्यांना कळंल कसं?"

"दिलं तरी कुठं कळतं, आये?"

"मी लगीन होऊन आल्यापासून मत देते. बाईमानसाला दुसरं कोन काय विचारतं? तितं तरी माझं नाव घेऊन हाक मारतात."

"या खेपेला नको. सगळ्यांचं एक ठरलंय."

गोदाने नवऱ्याकडे पाहिलं.  लडकूने माझ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं त्याने मला दुरुस्त केलं होतं. काथ्या कुजला तेव्हा नायलॉनची दोरी आणली, एका बाजूला वाळवी लागली तेव्हा पट्टी बदलली. तो मला पाहत म्हणाला, "ठरलंय तं ठरलंय."

मतदानाचा दिवस उजाडला. मे महिन्याचं ऊन सकाळपासूनच भाजत होतं. दर निवडणुकीला वाडी पहाटे उतरायची. ऊन चढायच्या आत मतं देऊन बाया नेरळचा बाजार करून यायच्या. त्या दिवशी सगळी वाडी घरात होती. खालून गाड्यांचे आवाज येत होते. पोरं झाडाखाली पत्ते खेळत होती.

ललिता पाणी भरून आली आणि उंबऱ्यातच खाली बसली. तिचे दिवस अजून भरले नव्हते. तिच्या लुगड्याला रक्त लागलेलं गोदाने पाहिलं आणि ती ओरडली, "डोली काढा रं! डोली काढा!"

मला काढलं. ललिताला माझ्यात निजवलं. पुढे रोहिदास आणि गजा, मागे आणखी दोघे. गोदा सोबत धावत होती. लडकूही काठी टेकत मागे निघाला. मी कितीतरी बायांना नेलं आहे, मित्रांनो. कळा कशा येतात आणि जातात, हे मला माझ्या विणीतून कळतं. ललिताच्या कळांचा मेळ बसत नव्हता. तिने माझी चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. दर दगडाला तिचे हात आणखी आवळत. माझ्या दोऱ्या ओल्या झाल्या आणि तो घाम नव्हता.

"हळू रं," ती म्हणायची. मग थोड्या वेळाने म्हणायची, "हळू नको. पळा."

रोहिदासचा पाय दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याने गुडघ्यावर पडूनही मला खांद्यावरून खाली येऊ दिलं नाही.

आम्ही पायथ्याला पोचलो. झाकीरच्या घरासमोरच ती शाळा आहे. शाळेच्या दारातून रांग निघून थेट गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती. इमारतींमधली माणसं सुट्टी घेऊन मतदानाला आली होती. त्यांच्या गाड्या गल्लीत दोन्ही बाजूंना लागल्या होत्या. एकीच्या पुढे एक, त्यांच्या मागे मोटारसायकली. झाकीरचा टेंपो त्याच्या अंगणात होता आणि बाहेर काढायला वीतभर जागा नव्हती.

झाकीरने आमच्याकडे पाहिलं आणि तो रांगेकडे धावला. "गाड्या काढा! कुनाच्या गाड्या हायेत या? बाई अडलीये, गाड्या काढा!"

बरीच माणसं रांग सोडून धावली. काही चाव्या शोधू लागले. एक जण म्हणाला, "माझी पुढची गाडी निघाल्याशिवाय माझी कशी निघणार?" आणखी एकाचा नंबर जवळ आला होता. तो म्हणाला, "दोन मिनिटं, आत जाऊन आलोच." तो आत गेला. त्याची गाडी सगळ्यांत पुढे होती. त्याला बाहेर काय चाललं आहे ते नीट कळलं नसेल, असं मी अजून स्वतःला सांगते.

रांगेतून एक वयस्क बाई बाहेर पडल्या. पांढरे कापलेले केस, फुलाफुलांचा झगा. त्यांचं नाव फर्नांडिस. मुंबईच्या इस्पितळात त्यांनी परिचारिका म्हणून नोकरी केली होती आणि निवृत्त होऊन इथल्या इमारतीत राहायला आल्या होत्या. त्यांनी ललिताच्या मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "आता हलवायचं नाय हिला. इथंच सावलीत घ्या. मला गरम पाणी पायजे आणि स्वच्छ कपडा."

हवाबी पाणी घेऊन धावली. शाळेच्या भिंतीच्या सावलीत मला खाली ठेवलं. रांगेतल्या बाया पुढे आल्या. कोणी ओढणी सोडली, कोणी पदर ताणला, हवाबीने घरातली चादर आणली. माझ्याभोवती कापडाची भिंत उभी राहिली. त्यात वाडीची गोदा होती, मोहल्ल्यातली हवाबी होती, इमारतींमधल्या अनोळखी बाया होत्या. एकमेकींची भाषा त्यांना धड कळत नव्हती. एरवी त्या कधी एका जागी उभ्या राहिल्या असत्या, असं मला वाटत नाही.

मुलगी झाली. ती रडली नाही.

फर्नांडिस बाईंनी तिला उलटं धरलं, पाठ चोळली, तिच्या इवल्या तोंडात फुंकर घातली. पुन्हा घातली. पुन्हा पुन्हा. मग त्या थांबल्या आणि त्यांनी गोदाकडे पाहून मान हलवली. हवाबीने आपली ओढणी काढून त्या मुलीला गुंडाळलं.

"आता आईला बघू दे मला," फर्नांडिस बाई म्हणाल्या. "रक्त थांबायला पायजे." त्या ललिताचं पोट जोराने चोळत राहिल्या. 

तेवढ्यात गल्ली मोकळी झाली. ललिताला टेंपोत घेतलं. रोहिदास चढला, फर्नांडिस बाईही चढल्या. कोणीतरी म्हणालं, "सिस्टर, तुमचं मत राहिलं." त्यांनी ऐकलं नाही. टेंपो धुरळा उडवत कर्जतच्या दिशेने गेला. ललिता वाचली. हे मी आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला वाट पाहावी लागणार नाही.

मी भिंतीपाशी पडून राहिले. रांग पुन्हा जुळली. गोदा त्या गाठोड्याला मांडीवर घेऊन बसली होती. लडकू मागून येऊन पोचला. तिने गाठोडं त्याच्या हातात दिलं. मग ती शाळेच्या नळापाशी गेली, हात कोपरापर्यंत धुतले, तोंड धुतलं, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

माणसांनी वळून पाहिलं. एक पोरगी म्हणाली, "आजी, तुम्ही पुढे जा ना. कोणी काही म्हणणार नाही."

"नको," गोदा म्हणाली. "मी रांगेतच हाय."

ती उन्हात उभी राहिली. रांग हळूहळू सरकली. आत तिचं नाव मोठ्याने घेतलेलं मला बाहेर ऐकू आलं.

मुलीला वाडीच्या उतारावर पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिदास कर्जतहून वर आला. ललिताला अजून तिथेच ठेवलं होतं. तो पडवीत शिरला तेव्हा गोदा भाकरी थापत होती. त्याला तिच्या बोटावरची शाई दिसली.

"आये, तू मत दिलंस?"

"दिलं."

"माझी पोर तितं मेली, अन् तू मत दिलंस? कुनाला?"

"ते तुला सांगनार नाय." गोदाने भाकरी तव्यावर टाकली. तिचा आवाज अगदी शांत होता. "पोर नाव ठेवायच्या आदीच गेली. तिचं नाव कुठंच नाय लागलं. माझं लागलंय. मी हाय तवर ते कुनाला वाया घालवू देनार नाय. त्यांना बी नाय, अन् तुला बी नाय."

रोहिदासने भिंतीवरचा कोयता उचलला आणि तो माझ्याकडे आला. मी आढ्याला टांगलेली होते. माझ्या विणीवर अजून डाग होते. "हिला तोडून जाळून टाकतो," तो म्हणाला. "ही हाय म्हनून रस्ता येत नाय. सगळ्यांना वाटतं, यांची डोली हाय, यांचं चाललंय."

मित्रांनो, मी त्याच्यावर रागावले नाही. त्याचं खरं होतं. तोडलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. त्याने कोयता उगारला.

लडकू उठला नाही. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "जाळ. पन उद्या ललिता बरी होऊन येनार. तिला चालवनार हायेस का दगडांतून?"

कोयता खाली आला. रोहिदास माझ्याखालीच बसला आणि पहिल्यांदा रडला. रडता रडता तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, "बा, दर खेपेसारखी वाडी सकाळीच उतरली असती तं... ललिता खालीच असती. त्या सिस्टरच्या पुढं रांगेत उबी असती."

  बहिष्कार त्यानेच ठरवला होता, आणि तो चुकीच्या गोष्टीसाठी नव्हता. तरीही ते वाक्य खरं होतं. तो अजून ते ओझं वाहतो आहे. माझ्या बांबूपेक्षा ते जड आहे, हे मला त्याच्या चालण्यावरून कळतं.

ललिताला आणलं त्या दिवशी माझी एक दोरी तुटली. ती बदलायला मला खाली नेलं आणि मी झाकीरच्या अंगणात राहिले. निकाल तिथेच ऐकला. टीव्हीवरची माणसं दिवसभर बोलत होती. शहरी मतदार इकडे वळला, तरुण मतदार तिकडे गेला, मुस्लिम मतं अशी पडली, आदिवासी मतं तशी पडली. मोठ्या पडद्यावर रंगीत तुकडे होते. जिंकलेल्याची आघाडी एवढी मोठी होती की आमच्यासारख्या शंभर वाड्या घरी बसल्या असत्या तरी ती हलली नसती. वावळवाडीतून एक बाई सोडून कोणी आलं नाही, याची कोणी दखल घेतली नाही. घाटावरच्या एका शहरातल्या मतांनी सकाळीच सगळं ठरवून टाकलं होतं. हवाबीने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "आपल्यावर इतका वेळ बोलले. आपल्याशी कोन बोललं?"

पुढे पावसाळ्यात एक दिवस फर्नांडिस बाई वाडीत चढून आल्या. सोबत इमारतीतले तिघे-चौघे आणि झाकीर. त्या वाटेत कितीदा तरी बसल्या. वर पोचल्या तेव्हा त्यांच्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि श्वास पुरत नव्हता. ललिता बाहेर आली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

मग त्या रोहिदासला म्हणाल्या, "मी रोज खिडकीतून हा डोंगर बघते. फार सुंदर दिसतो. इथं माणसं राहतात, हे मला ठाऊक नव्हतं रे."

"आमाला तुमच्या खिडक्या दिसतात," रोहिदास म्हणाला. "रातच्याला लायटी."

त्या दिवशी पडवीत पहिल्यांदा वाडी, मोहल्ला आणि इमारती एकत्र बसल्या. झाकीर म्हणाला, आपण तिघं वेगवेगळं मागतो म्हणून तिघांनाही वेगवेगळं मोजतात. एकदा एकच मागणं तिघांनी मिळून मागून बघू. इमारतीतल्या एका माणसाने शंका काढली. रस्त्याचा आपल्याला काय उपयोग, पाण्याचं काय, असं तो म्हणाला. गजा चिडला. बराच वाद झाला. शेवटी एका अर्जावर सह्या आणि अंगठे झाले. पाणी खालच्यांना, रस्ता वरच्यांना, आणि सरकारी दवाखान्याची एक गाडी कायम पायथ्याला. तो अर्ज दिला आहे. अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या बैठकीला इमारतींतून कमी माणसं आली. त्याच्या पुढच्या बैठकीला फर्नांडिस बाई आणि आणखी एकच. तरी रोहिदास दर रविवारी उतरतो आणि त्यांच्या दारांच्या घंट्या वाजवतो. काही दारं उघडतात.

गेल्या आठवड्यात मी वाडीतल्या इंदूबाईला खाली नेलं. तिला धाप लागली होती. माझी सागाची पट्टी आता मधोमध चिरली आहे. लडकूच्या हातांत दुरुस्तीचं बळ उरलं नाही, म्हणून रोहिदासने तिला तार गुंडाळली. ज्या हातांनी मला तोडायला कोयता उचलला, त्याच हातांनी त्याने मला बांधलं. 

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगून झाली की तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका. मी तसं मागणार नाही. मला जपू नका. मी एक दिवस चुलीत जावं, आणि माझ्या जागी आढ्याला कांद्याच्या माळा टांगाव्यात, हीच माझी इच्छा आहे. ते माझ्या हातात नाही. तुम्ही थोड्या वर्षांत अठरा वर्षांचे व्हाल. कोणी इमारतीतून याल, कोणी मोहल्ल्यातून, कोणी वाडीतून. तुमच्या बोटाला शाई लागेल. कोणाला मत द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त त्या दिवशी रांगेत उभे राहाल तेव्हा एकदा मागे वळून बघा, अजून कोण पोचलेलं नाही. आणि गाडी लावताना वाट मोकळी ठेवा.